जोडीदार व्हिसा अपील आणि विवाहाच्या खरेपणाचा पुरावा

विवाहाच्या खरेपणाचा पुरावा म्हणजे परदेशात स्थायिक असलेल्या पती, पत्नी किंवा सहजीवनातील जोडीदाराकडे राहावयास जाण्यासाठी केलेल्या व्हिसा अर्जात, संबंधित वैवाहिक नाते केवळ देशांतर-लाभासाठी जुळविलेले नसून प्रत्यक्ष सहजीवनासाठी स्वीकारलेले आहे, हे दाखविणारी कागदपत्रे, साक्षी व परिस्थितिजन्य माहिती होय. व्हिसा अधिकाऱ्याने नाते खरे नसल्याचा निष्कर्ष काढून अर्ज नाकारल्यास अनेक देशांत त्याविरुद्ध अपील किंवा पुनर्विलोकनाची सोय असते. अशा अपिलात वादाचा मुख्य मुद्दा बहुतेक वेळा हाच पुरावा असतो.

विवाह कायदेशीररीत्या वैध असणे आणि तो देशांतर कायद्याच्या अर्थाने खरा असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पहिल्या बाबीचा पुरावा देते. दुसरीसाठी ते आवश्यक असले तरी पुरेसे नसते. अर्ज नाकारला गेल्यास पतिपत्नींना दीर्घकाळ वेगळे राहावे लागते आणि नकारात फसवणुकीचा ठपका असल्यास पुढील अर्जांवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातील परदेशस्थ कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

संज्ञा व व्याप्ती

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत या संकल्पनेसाठी निरनिराळी शब्दयोजना आहे. ब्रिटनच्या देशांतर नियमांत नाते ‘खरे आणि चालू’ असावे अशी अट आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात परस्परांशी अनन्य सहजीवनाची बांधिलकी, खरे व सातत्यपूर्ण नाते आणि एकत्र वास्तव्य (किंवा किमान कायमचे विभक्त न राहणे) असे घटक सांगितले आहेत. कॅनडात नाते खरे नसेल, किंवा मुख्यतः देशांतर-दर्जा मिळविण्याच्या हेतूने जुळविलेले असेल, तर ते ग्राह्य धरले जात नाही. अमेरिकेत विवाहाच्या वेळी दोघांचा एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता काय, हा प्रश्न निर्णायक मानला जातो.

या व्याख्यांत काळाचा फरक आहे. अमेरिकी कसोटी प्रामुख्याने विवाहाच्या क्षणाकडे पाहते. त्यानंतरचे वर्तन हे त्या वेळच्या हेतूचा पुरावा म्हणून तपासले जाते. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन कसोटीत निर्णयाच्या वेळी नाते जिवंत आहे काय, यालाही तितकेच महत्त्व असते. कॅनडाच्या नियमात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल आल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतीय विवाहांच्या मान्यतेचा प्रश्न देशांतराच्या संदर्भात प्रथम ठळकपणे पुढे आला तो दक्षिण आफ्रिकेत. मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल देताना, बहुपत्नीत्वाची मुभा असलेल्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह देशांतर कायद्यासाठी ग्राह्य नसल्याचे ठरविले. या निकालामुळे तेथील हिंदू, मुस्लिम व पारशी पत्नींचा कायदेशीर दर्जाच संकटात आला. त्यानंतरच्या सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या आणि सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी यांनाही कारावास झाला. १९१४ च्या भारतीय दिलासा कायद्याने एकपत्नीक भारतीय विवाहांना मान्यता मिळाली. तेथे प्रश्न विवाहाच्या वैधतेचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो विवाहाच्या हेतूकडे वळला.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर नियोजित वराकडे आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली. विवाहाचा दावा पडताळण्याच्या नावाखाली झालेल्या या प्रकाराचे वृत्त प्रसिद्ध होताच भारतात व ब्रिटनमध्ये तीव्र पडसाद उमटले आणि ही प्रथा थांबविण्यात आली. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटिश नियमांत ‘मुख्य हेतू’ची अट लागू होती. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावे, असे तिचे स्वरूप होते. एखादी गोष्ट नव्हती हे सिद्ध करणे स्वभावतःच कठीण असल्याने भारतीय उपखंडातील ठरवून झालेल्या विवाहांना या नियमाचा विशेष फटका बसला. जून १९९७ मध्ये तो रद्द झाला.

दरम्यान युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी अब्दुलअझीझ, कबालेस व बालकंदाली यांच्या खटल्यात, ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषांच्या पत्नींना जी सवलत मिळते ती स्थायिक स्त्रियांच्या पतींना नाकारणे हा लिंगाधारित भेदभाव असल्याचा निर्णय दिला. त्यावर ब्रिटिश सरकारने पतींवरील अटी शिथिल न करता त्याच अटी पत्नींनाही लागू केल्या.

अमेरिकेने १९८६ मध्ये देशांतरासाठीच्या बनावट विवाहांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार निवासाचा हक्क मिळतेवेळी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर तो हक्क दोन वर्षांसाठी सशर्त राहतो आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींना संयुक्त अर्ज करून नात्याचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. कॅनडानेही ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन वर्षांची सशर्त निवासाची पद्धत सुरू केली होती. छळ सोसूनही जोडीदाराला घर सोडता येत नाही, या आक्षेपाच्या पार्श्वभूमीवर ती एप्रिल २०१७ मध्ये मागे घेण्यात आली.

वैधता आणि भारतीय कायदा

परदेशी अधिकारी प्रथम विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध आहे काय, हे पाहतात. भारतातील हिंदू, बौद्ध, जैन व शीख विवाहांना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू होतो. त्याच्या कलम ७ नुसार वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी होणे आवश्यक आहे. सप्तपदी हा त्या रूढीचा भाग असल्यास सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. कलम ८ मध्ये नोंदणीची तरतूद आहे.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) या खटल्यात ‘गांधर्व’ पद्धतीने झालेल्या दुसऱ्या विवाहात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्याने तो विधिवत साजरा झालेला विवाह मानता येत नाही, असा निर्णय झाला. खटला द्विभार्या प्रतिबंधाचा होता. परंतु विवाह सिद्ध करणे म्हणजे विधी सिद्ध करणे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

नोंदणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार (१४ फेब्रुवारी २००६) या प्रकरणात सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नोंदणी हा वैध विवाहाचा स्वयंसिद्ध पुरावा नसला तरी तिचे पुराव्याच्या दृष्टीने मूल्य मोठे आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. याउलट विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र हे विवाह झाल्याचा निर्णायक पुरावा मानले जाते.

डॉली राणी विरुद्ध मनीषकुमार चंचल (१९ एप्रिल २०२४) या निकालाचा व्हिसा प्रकरणांशी थेट संबंध येतो. विधी न करता केवळ प्रमाणपत्र घेतलेल्या जोडप्याचा विवाह हिंदू विवाह अधिनियमाखाली अस्तित्वातच नाही, असे न्यायालयाने घोषित केले. परदेशी व्हिसाचा अर्ज लवकर करता यावा म्हणून आधी नोंदणी आणि नंतर सोयीने समारंभ, अशी पद्धत रूढ होत असल्याची दखल घेऊन न्यायालयाने तीबद्दल नापसंती व्यक्त केली. अशा जोडप्यांबाबत दुहेरी अडचण उद्भवते. नोंदणीच्या दिनांकाला विधी झालेले नसल्यास मूळ विवाहच प्रश्नांकित होतो. शिवाय प्रमाणपत्रावरील दिनांक आणि छायाचित्रांतील समारंभाचा दिनांक जुळत नाहीत.

महाराष्ट्रातील विवाह व त्यांची कागदपत्रे

महाराष्ट्रात विवाह नोंदणी ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ खाली होते. त्यापूर्वी मुंबई विवाह नोंदणी अधिनियम, १९५३ लागू होता. सध्याच्या कायद्यानुसार विवाहाच्या दिनांकापासून ९० दिवसांच्या आत विवाहाचे ज्ञापन सादर करावयाचे असते. त्यावर पतिपत्नी व तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. मुदतीनंतर दंड भरून नोंदणी करता येते. शहरांत महानगरपालिका वा नगरपरिषदेकडे आणि गावांत ग्रामपंचायतीकडे ही नोंद होते. ग्रामीण भागातील अनेक जोडपी परदेशी जाण्याची वेळ आल्यावरच नोंदणी करतात. विवाहानंतर वर्षांनी आणि व्हिसा अर्जाच्या तोंडावर झालेली नोंदणी संशयाचे निमित्त ठरू शकते. म्हणून अशा वेळी विवाहाच्या मूळ दिनांकाचा समकालीन पुरावा महत्त्वाचा असतो.

सातारा-सांगली भागातील कुंडल (तालुका पलूस, जिल्हा सांगली) हे गाव विवाह आणि कागदपत्र यांतील अंतराचे उदाहरण म्हणून पाहता येते. स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात असलेले कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळातील साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने हुंडा आणि लग्नातील उधळपट्टी यांस विरोध करून अल्पखर्चाचे ‘गांधी विवाह’ रूढ केले. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांचा विवाहही याच पद्धतीने झाला. त्यापूर्वी महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाहाची पद्धत सुरू केली होती. या विवाहांचा खरेपणा जमलेला समाज, दिलेला शब्द आणि पुढील संसार यांवर उभा होता. तमिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह अधिनियमात कलम ७-अ घालून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना स्पष्ट मान्यता दिली. महाराष्ट्रात तशी तरतूद झालेली नाही. सुधारणावादी पद्धतीने विवाह करणाऱ्या जोडप्यांना त्यामुळे रूढी सिद्ध करणे किंवा विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह करणे, हे दोन मार्ग उरतात.

अशा गावांतील विवाहांमध्ये नैसर्गिकपणे तयार होणारे अनेक पुरावे असतात, परंतु परदेशी अधिकाऱ्याला त्यांचा अर्थ आपोआप उमगत नाही. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

• लग्नपत्रिका. तीत दोन्ही घराण्यांची, मामांची व निमंत्रकांची नावे, तिथी, मुहूर्त आणि स्थळ छापलेले असते. नोंदणीच्या कितीतरी आधी छापली गेल्याने ती समकालीन पुरावा ठरते.
• साखरपुडा, हळद, लग्न, वरात आणि त्यानंतरची सत्यनारायणाची पूजा किंवा जागरण-गोंधळ यांची छायाचित्रे. त्यांत दोन्हीकडील नातलग दिसणे हे केवळ वधूवरांच्या छायाचित्रांपेक्षा अधिक बोलके असते.
• मंगल कार्यालय, आचारी, मंडप व सराफ यांच्या पावत्या आणि आहेराची वही.
• माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणि सासरच्या शिधापत्रिकेत नाव चढविल्याची नोंद.
• दिवाळसण, डोहाळजेवण, बारसे अशा नंतरच्या प्रसंगांची नोंद.

नावातील तफावत ही महाराष्ट्रातील अर्जांची विशेष अडचण आहे. विवाहानंतर स्त्रीचे वडिलांचे नाव व आडनाव बदलून पतीचे नाव व आडनाव लागते. अनेक घरांत लग्नात तिचे स्वतःचे नावही बदलण्याची प्रथा आहे. परिणामी शाळा सोडल्याचा दाखला एका नावाने, आधारपत्र दुसऱ्या नावाने आणि पारपत्र तिसऱ्याच नावाने असू शकते. महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र यांद्वारे हा खुलासा केला जातो.

मराठी कागदपत्रांचे प्रमाणित भाषांतर आवश्यक असते. ब्रिटनच्या नियमांनुसार भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, सही, दिनांक आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन लागते. अमेरिकेत भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषांत सक्षम असल्याचेही प्रमाणित करावे लागते. सार्वजनिक दस्तऐवजांसाठी काही ठिकाणी अपोस्टिल हा साक्षांकनाचा शिक्का मागितला जातो. भारत २००५ पासून संबंधित हेग कराराचा सदस्य आहे.

पुराव्याचे प्रकार

ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या स्थलांतर विनियमांतील विनियम १.१५-अ मध्ये पुराव्याची चार अंगे सांगितली आहेत. इतर देशांत ती जशीच्या तशी लागू नसली तरी विषय समजण्यास हे वर्गीकरण उपयुक्त आहे.

आर्थिक अंग : संयुक्त बँक खाते, परस्परांना पाठविलेले पैसे, विमा व भविष्य निर्वाह निधीतील वारसनोंद, एकत्र घेतलेले कर्ज किंवा मालमत्ता. एकत्र कुटुंबात घरखर्च सासऱ्यांच्या किंवा थोरल्या दिरांच्या हातात असल्यास पतिपत्नींचे संयुक्त खाते नसणे स्वाभाविक असते. तसे असल्यास कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर आलेल्या रकमा आणि त्यांचे स्पष्टीकरण हा पर्यायी पुरावा ठरतो.

घरगुती अंग : एकत्र वास्तव्य, मुलांची जबाबदारी, घरकामाची वाटणी. परदेशस्थ पती रजेवर येऊन गेल्यानंतर पत्नी सासरी राहत असल्यास तिचे त्या पत्त्यावरील वास्तव्य आणि पतीच्या पारपत्रावरील ये-जा यांचा मेळ घातला जातो.

सामाजिक अंग : नातलग, मित्र, शेजारी आणि सहकारी या दोघांना पतिपत्नी म्हणून ओळखतात काय. भारतीय पुरावा कायद्यातही नात्याविषयी विशेष माहिती असलेल्या व्यक्तीचे वर्तनातून व्यक्त झालेले मत ग्राह्य धरण्याचे तत्त्व आहे. दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून राहिलेल्यांच्या विवाहाबाबत अनुकूल गृहीतक धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने बद्रीप्रसाद प्रकरणात (१९७८) सुमारे ५० वर्षांच्या सहजीवनाच्या संदर्भात स्पष्ट केले.

बांधिलकीचे अंग : नात्याचा कालावधी, परस्परांना मिळणारा आधार, भविष्याचे नियोजन आणि दूर असताना ठेवलेला संपर्क. दूरध्वनी व संदेशांच्या नोंदी येथे मोडतात. ब्रिटनच्या अपर ट्रिब्युनलने गाउडी प्रकरणात (२०१२) असे म्हटले की, परस्परप्रेमाचा विशिष्ट स्वरूपाचाच पुरावा सादर झाला पाहिजे अशी अट नाही. दूरध्वनी कार्डांचा पुरावाही संपर्काच्या कथनास दुजोरा देऊ शकतो आणि संशयास जागा देणारी अन्य परिस्थिती नसल्यास तो पुरेसा ठरू शकतो.

ही अंगे गुणतालिकेप्रमाणे मोजावयाची नसतात. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने ‘ही विरुद्ध स्थलांतर मंत्री’ या २०१७ च्या प्रकरणात विनियमातील प्रत्येक बाबीचा विचार करण्याचे बंधन निर्णयकर्त्यावर असल्याचे अधोरेखित केले. एका अंगाचा पुरावा कमी असला तरी उरलेल्या अंगांवरून एकत्रित निष्कर्ष काढला जातो.

नकाराची नेहमीची कारणे

नकारपत्रांत पुढील कारणे वारंवार आढळतात : ओळख आणि विवाह यांतील अल्प कालावधी, वय, शिक्षण, धर्म किंवा पूर्वविवाह यांतील तफावत, छोटा समारंभ, मोजकी किंवा एकाच दिवसाची छायाचित्रे, मुलाखतीतील विसंगती, पूर्वी नाकारले गेलेले अर्ज, आणि विवाहानंतर एकत्र घालविलेला अल्प काळ.

यांपैकी काही कारणे ठरवून झालेल्या विवाहांच्या रीतीशी निगडित आहेत. स्थळ आल्यानंतर कांदेपोह्यांचा कार्यक्रम, पत्रिका जुळविणे, याद्या आणि महिना-दीड महिन्यात लग्न, हा क्रम महाराष्ट्रात असामान्य नाही. नोकरीची रजा मर्यादित असलेल्या परदेशस्थ वराच्या बाबतीत तर तो आणखी आखूड होतो. ज्या समाजात विवाहापूर्वीचे दीर्घ प्रेमसंबंध गृहीत धरले जातात, तेथील निकष लावल्यास असा विवाह घाईचा वाटतो. उलट, आंतरजातीय विवाहात घरचे उपस्थित नसल्याने छायाचित्रांत नातलग दिसत नाहीत आणि तीच बाब संशयास्पद ठरविली जाते. अशा नकाराला उत्तर देताना रीतीचे सामान्य वर्णन पुरेसे नसते. या विशिष्ट दोघांची गाठ कोणी घातली, केव्हा भेट झाली, कोणत्या कारणाने लवकरचा मुहूर्त धरला, याची तपशीलवार हकीकत द्यावी लागते.

मुलाखतीतील विसंगतींचेही दोन प्रकार करता येतात. लग्नाला किती माणसे होती, जेवणात काय होते, अशा तपशिलांबाबत स्मरणात फरक पडणे स्वाभाविक असते. जोडीदाराचा पूर्वविवाह, मुले, नोकरी किंवा सध्याचे निवासस्थान माहीत नसणे मात्र नात्याच्या मुळाशी जाते. दुभाष्याची चूकही विसंगतीचे कारण असू शकते : मराठीतील ‘भाऊ’ हा शब्द सख्ख्या, चुलत, मावस अशा सर्व भावांसाठी वापरला जातो आणि ‘काल झाले’, ‘परवा झाले’ अशी कालदर्शक बोली इंग्रजीत दिनांक बनून येते. म्हणून मुलाखतीची मूळ नोंद मिळवून ती ताडून पाहणे हा अपिलाच्या तयारीचा महत्त्वाचा भाग असतो.

देशनिहाय अपील प्रक्रिया

ब्रिटन : जोडीदाराचा अर्ज नाकारल्यास कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारे फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलच्या देशांतर व आश्रय विभागाकडे अपील करता येते. देशाबाहेरील अर्जदारासाठी मुदत २८ दिवस, तर देशात असलेल्यासाठी १४ दिवस असते. प्रमाण दिवाणी स्वरूपाचे, म्हणजे शक्याशक्यतेच्या तोलाचे असते : नाते खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक दिसली तरी पुरते. नाते खरे ठरले तरी उत्पन्न व भाषाज्ञान या स्वतंत्र अटी राहतात. एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची किमान मर्यादा वार्षिक २९,००० पौंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने सादोव्स्का प्रकरणात (२०१७) युरोपीय संघाच्या नागरिकाच्या बाबतीत विवाह केवळ सोयीचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असल्याचे स्पष्ट केले.

कॅनडा : परदेशातून केलेला अर्ज नाकारल्यास अपिलाचा हक्क कॅनडातील प्रायोजक जोडीदाराला असतो. ते ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे करावे लागते. सुनावणी नव्याने होते, म्हणजे मूळ अधिकाऱ्यापुढे नसलेला पुरावाही विचारात घेतला जातो. कॅनडात राहून केलेल्या जोडीदार अर्जांना ही सोय नसून त्यांच्यासाठी फेडरल न्यायालयाचा मार्ग आहे.

ऑस्ट्रेलिया : १४ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या अपील न्यायाधिकरणाची जागा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलने घेतली आहे. देशाबाहेरून केलेल्या अर्जाच्या नकाराविरुद्ध प्रायोजक, तर देशात केलेल्या अर्जाच्या बाबतीत स्वतः अर्जदार पुनर्विलोकन मागतो. न्यायाधिकरण मूळ अधिकाऱ्याच्या जागी बसून नव्याने निर्णय देते.

अमेरिका : येथे दोन टप्पे वेगळे समजून घ्यावे लागतात. नागरिक किंवा कायम निवासी जोडीदाराची मूळ याचिका (आय-१३०) फेटाळली गेल्यास ३० दिवसांत बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे जाता येते. परंतु आधी संधी देऊनही सादर न केलेला पुरावा अपिलात प्रथमच घेतला जात नाही, हे मंडळाने सोरियानो प्रकरणात (१९८८) ठरविले आहे. त्यामुळे नकाराआधी येणाऱ्या नोटिशीला दिलेले उत्तर निर्णायक असते. दूतावासाने व्हिसा नाकारल्यास न्यायालयीन दाद जवळपास नसते. सर्वोच्च न्यायालयाने म्युन्योझ प्रकरणात (जून २०२४) परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असा निर्णय दिला.

अपिलातील पुराव्याची मांडणी

अपिलाचा पाया नकारपत्र हाच असतो. त्यातील प्रत्येक कारणासमोर संबंधित स्पष्टीकरण व कागद ठेवणे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. पतिपत्नींची स्वतंत्र निवेदने, त्यांना दुजोरा देणारी नातलगांची निवेदने आणि कालक्रमाने लावलेली कागदपत्रे असा संच केला जातो. निवेदने एकाच साच्यातून काढल्यासारखी असतील तर त्यांचे वजन घटते. महाराष्ट्रात मुद्रांक कागदावर करून घेतलेली ‘आम्ही यांना ओळखतो’ अशा एका ओळीची प्रतिज्ञापत्रे याच कारणाने फारशी उपयोगी पडत नाहीत. लग्नाला स्वतः उपस्थित असलेल्या व्यक्तीने पाहिलेल्या गोष्टींचे कथन अधिक विश्वासार्ह ठरते.

नकारानंतर निर्माण झालेला पुरावा दुधारी असतो. अर्ज फेटाळल्यावर लगेच उघडलेले संयुक्त खाते किंवा अचानक वाढलेले संदेश हे अपिलासाठी रचलेले मानले जाऊ शकतात. त्याच वेळी, नकारानंतरही पतीने पुन्हा गावी येऊन पत्नीसोबत राहणे, आजारपणात तिची काळजी घेणे किंवा अपत्याचा जन्म, या गोष्टी मूळ हेतूवरही मागे वळून प्रकाश टाकतात. सुनावणीत प्रायोजकाची उलटतपासणी होते. परदेशातील अर्जदार अनेकदा प्रत्यक्ष उपस्थित राहू शकत नसल्याने प्रायोजकाच्या साक्षीवर बराच भार येतो.

बनावट विवाह आणि त्याचे परिणाम

पडताळणीची गरज निराधार नाही. पैसे घेऊन केलेले विवाह आणि बनावट कागदपत्रे अनेक देशांत उघडकीस आली आहेत. अमेरिकेत देशांतर कायदा चुकविण्यासाठी जाणूनबुजून केलेल्या विवाहास पाच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तसा निष्कर्ष निघाल्यास त्या व्यक्तीसाठी पुढे केलेली खऱ्या विवाहाची याचिकाही मंजूर होऊ शकत नाही. म्हणूनच ‘पुरावा अपुरा’ असा नकार आणि ‘फसवणूक’ असा नकार यांत मोठा फरक आहे : पहिल्यात अधिक पुराव्यानिशी नवा अर्ज शक्य असतो, दुसऱ्यात तो ठपका पुसून काढल्याशिवाय पुढचा मार्ग बंद राहतो. खऱ्या विवाहाच्या समर्थनार्थ दिलेला एखादा खोटा कागदही हाच परिणाम घडवू शकतो.

टीका व मूल्यमापन

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की, नात्याचा खरेपणा कागदांवर मोजला जात असल्याने कागद तयार करण्याची सवय व ऐपत असलेल्यांना ती अनुकूल ठरते. शहरी, इंग्रजी जाणणारे जोडपे संयुक्त भाडेकरार आणि प्रवासाची तिकिटे सहज दाखवू शकते. शेतीवर जगणाऱ्या एकत्र कुटुंबातील सुनेच्या नावावर वीजबिलही नसते. पुराव्यासाठी खासगी संदेश व छायाचित्रे अनोळखी अधिकाऱ्यांपुढे ठेवावी लागतात, हा गोपनीयतेचा प्रश्नही उपस्थित केला जातो. याविरुद्ध, कोणतीही पडताळणी नसल्यास बनावट विवाहांत ओढल्या जाणाऱ्या व पुढे टाकून दिल्या जाणाऱ्या स्त्रियांचे संरक्षणच नाहीसे होईल, असाही युक्तिवाद केला जातो.

न्यायाधिकरणांच्या निर्णयांतून हळूहळू रूढ झालेली भूमिका या दोहोंच्या मधली आहे. नाते त्या जोडप्याच्या समाजातील रीतींच्या संदर्भात तपासावे, एखाद्या ठरीव पुराव्याचा हट्ट धरू नये आणि संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, ही तिची सूत्रे आहेत. ती प्रत्यक्षात किती उतरतात, हे बऱ्याच अंशी प्रत्येक प्रकरणात मांडलेल्या हकीकतीच्या स्पष्टतेवर आणि सुसंगतीवर अवलंबून राहते.